बोट काढू नका

फ्लाइंग ऑफिसर गुरुनाथ बारलिंगे मुलगी बघायला निघाला तेव्हा त्याच्या अंगात नवी कोरी क्रीम रंगाची पँट होती आणि डोक्यात पद्मिनीआत्याने बजावलेली एकच गोष्ट होती, की फार बोलायचं नाही. बारलिंगे मूळचे अमरावतीचे. आत्याच्या यजमानांची बदली चंदिगडला झालेली, पाठोपाठ भाच्याचंही पोस्टिंग इथल्याच हवाईतळावर आलं, आणि मग आत्याला दुसरं काही सुचेना. सेक्टर बावीसमधल्या पेंढारकरांची मुलगी तिनेच हुडकून काढली होती.

चौऱ्याहत्तरचा फेब्रुवारी, दुसरा शनिवार. ऊन असं की अंगावर घ्यावंसं वाटावं. आत्या पेढे घेऊन रिक्षाने येणार होती, हा मेसमधून सायकलने. रस्ता चुकला तर असावा म्हणून त्याने अर्धा तास हातचा ठेवला होता. पण या शहरात चुकायची सोयच नाही. सेक्टरचा नंबर, घराचा नंबर, की पोचलात. त्यामुळे अर्ध्या तासाची शिल्लक घेऊन तो पेंढारकरांच्या फाटकापुढे उभा राहिला आणि एक चक्कर मारून यावं म्हणून त्याने सायकल वळवली.

तेवढ्यात मेंदीच्या कुंपणाआडून एका मुलीचा आवाज आला.

"कोई है? भाईसाब, ज़रा इधर आना!"

गुरुनाथने सायकल टेकवली आणि तो घराशेजारच्या बोळात गेला. तिथे स्टँडवर उभ्या असलेल्या एका जुन्या स्कूटरपाशी एक मुलगी विटांच्या फरशीवर जवळजवळ आडवी झाली होती. अंगात सलवार आणि वर कुणा पुरुषाचा चौकड्यांचा जुना शर्ट. वेणी डोक्याभोवती गुंडाळून तिच्यात पेन्सिल खुपसलेली, गालावर काळा पट्टा, आणि एक हात खांद्यापर्यंत स्कूटरच्या पोटाखाली. तिच्या मनगटावरून तेलाची धार कोपराकडे निघाली होती.

तिने मान न वळवता हिंदीत सांगितलं, की इंजिनाच्या तळाचा बोल्ट निसटलाय, नवंकोरं तेल वाहून चाललंय, मी भांडं आणते तोवर या भोकावर बोट दाबून धरा. बस दो मिनट. उंगली मत हटाना.

गुरुनाथने एकदा आपल्या पँटकडे पाहिलं. मग तो गुडघ्यांवर बसला. हवाईदलात हुकूम ऐकायची सवय लागते, ती अशी कुठेही उपयोगी पडते. त्याने उजवा हात खाली घातला, तिच्या बोटामागून आपलं बोट सरकवलं, मधल्या क्षणात दोन चमचे तेल त्याच्या बाहीत शिरलं, आणि भोक बंद झालं. तिने शाबास म्हटल्यासारखी मान हलवली आणि मागच्या दाराने ती घरात पळाली.

आता त्याची स्थिती अशी होती: दोन्ही गुडघे विटांवर, उजवा हात स्कूटरखाली, डावा गाल स्कूटरच्या पत्र्याला टेकलेला. शेजारी वर्तमानपत्रावर पाने आणि स्क्रू नीट ओळीने मांडलेले होते, आणि त्यांत काळ्या रबराची एक चिरलेली कडी होती, म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारखी. डोक्यावर स्वयंपाकघराची खिडकी होती. खिडकीतून पोह्यांच्या फोडणीचा वास आला आणि मागोमाग शुद्ध मराठी.

"आई, मोठं भांडं दे, बाहेर एक माणूस बोट घालून बसलाय."

"बसू दे. आधी न्हाणीघरात चल. हे काय ध्यान करून घेतलंयस? मुलगा येईल एवढ्यात."

"अगं, खरंच बसलाय."

"निशिगंधा, मागच्या वेळी स्थळ आलं तेव्हा तुला घशाचा त्रास झाला होता. आता माणूस बसलाय. चल."

मग पाण्याचा आवाज, रॉकेलच्या बाटलीचं बूच काढल्याचा आवाज, आणि बाहेरून कडी लावल्याचा आवाज.

गुरुनाथच्या डोक्यात आता उजेड पडला. म्हणजे हीच ती निशिगंधा, मनीमाजऱ्याच्या शाळेत गणित शिकवणारी. आणि मुलगा येणार होता तो आपणच, आणि तो येऊन बसलासुद्धा आहे. हाक मारावी असं त्याच्या मनात आलं. पण हाक मारून सांगायचं काय? अहो, मी मुलगा, इथे खाली आहे? त्यापेक्षा गप्प बसणं बरं वाटलं. शिवाय आत्याने फार बोलू नको म्हणून सांगितलंच होतं. आणि खरं सांगायचं तर त्या अवघडलेल्या अवस्थेतही त्याला आतून हसू येत होतं, आणि ते दाबायला मोकळा हात एकच होता.

एवढ्यात निशिगंधाचे वडील श्रीनिवासराव बाहेर आले. केंद्र सरकारच्या हिशेबतपासणी कचेरीतला माणूस, सुट्टीच्या दिवशीही कोट घातलेला. मुलीने मेकॅनिक बोलावलाय अशी त्यांची समजूत झाली. त्यांनी हिंदीत गुरुनाथला बजावलं, की जे काय असेल ते लवकर आटप आणि मागच्या गल्लीने निघून जा, पाहुणे यायचेत. मुलगा एअर फोर्समध्ये अफसर आहे. दिवसरात्र इंजिनांत वावरणारा माणूस, त्याने ही स्कूटर अशी उघडी पाहिली तर काय म्हणेल?

"जी," गुरुनाथ म्हणाला.

श्रीनिवासरावांनी कौतुकाने मान हलवली. मेकॅनिक सभ्य होता.

आणि फाटकाशी रिक्षा थांबली. पद्मिनीआत्या हातात पेढ्यांचा डबा घेऊन उतरली, भाच्याची सायकल तिने ओळखली, सायकलच्या रोखाने बोळात डोकावली आणि जागच्या जागी उभी राहिली.

"असा काहून बसला रे गुरुनाथ?"

श्रीनिवासरावांनी आधी आत्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. त्यांनी वाकून हात जोडले. गुरुनाथलाही नमस्कार करायचा होता, पण एकाच हाताने करता येईल तेवढा त्याने केला आणि मराठीत समजावून सांगितलं, की आपण उठलो असतो, पण बोट काढलं की तेल जाईल आणि उठू नका असं सांगितलेलं आहे. कुणी सांगितलं, असं श्रीनिवासरावांनी विचारलं. तुमच्या मुलीने, असं तो म्हणाला. मग श्रीनिवासराव घरात धावले, आत बरीच पळापळ झाली, न्हाणीघराची कडी निघाली.

मुलगा दिवाणखान्यात येऊ शकत नव्हता, तेव्हा दिवाणखानाच बोळात आला. वेताच्या खुर्च्या आल्या, टीपॉय आला, त्यावर भरतकाम केलेला रुमालसुद्धा आला. निशिगंधाची आई सरलाबाई पोह्यांच्या बश्या घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते ते शरमेने की हसू दाबल्याने, हे गुरुनाथला खालून नीट दिसलं नाही. त्याचा उजवा हात अडकलेला आणि डाव्याने खायचं कसं, म्हणून आत्या त्याला चमच्याने पोहे भरवू लागली. शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरीमागे दोन पंजाबी बायका येऊन उभ्या राहिल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

एवढ्यात निशिगंधा आली. वांगी रंगाची रेशमी साडी, ओले केस, हातात आईच्या सैल बांगड्या. आणि पोह्यांच्या ट्रेऐवजी कणीक मळायची परात. सरलाबाई काहीतरी म्हणणार होत्या, पण मुलीच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी टीपॉय बाजूला सरकवला. निशिगंधाने साडी सावरत परात स्कूटरखाली सरकवली आणि खाली बघतच ती म्हणाली, की हे इतका वेळ असेच बसले असतील असं तिला वाटलं नव्हतं, आणि मघाशी भाईसाब म्हटलं त्याबद्दल माफ करा.

आत्याचा चमचा हवेतच थांबला. "भाईसाब म्हणाली?"

"हिंदीत म्हणाल्या," गुरुनाथ घाईघाईने म्हणाला. "हिंदीतलं धरायचं नसतं."

निशिगंधाने पहिल्यांदाच नीट त्याच्याकडे पाहिलं. मग ओठ आवळून ती म्हणाली, "आता काढा."

त्याने बोट काढलं. परातीत तेल पडू लागलं, सोनेरी, संथ. सगळे जण गंगा अवतरल्यासारखे त्या धारेकडे बघत राहिले.

तेल निथळेपर्यंत आत्याने रीतीप्रमाणे विचारायचं ते विचारून घेतलं. स्वयंपाक, शिक्षण, गाणं. निशिगंधाने गाणं येत नाही असं सांगितलं. मग गुरुनाथने वर्तमानपत्रावरची चिरलेली कडी उचलली आणि हे काय असतं, असं विचारलं, आणि मुलीचा चेहरा एकदम उजळला. ते ऑइल सील. इंजिनाचा दांडा गिअरच्या बाजूला जिथून बाहेर पडतो तिथे हे बसतं, दांडा फिरू देतं आणि गिअरचं तेल अडवतं. हे म्हातारं होऊन कडक झालं, तेव्हापासून इंजिन तेल पिऊ लागलं आणि मागून पांढरा धूर सोडू लागलं. मनीमाजऱ्याच्या रस्त्यावर ढग दिसला की शाळेतल्या मुली गणिताच्या वह्या काढून बसायच्या. नव्या स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, त्यापेक्षा हिलाच दुरुस्त करावं म्हणून गेले काही दिवस शाळा सुटली की ती खपत होती. बाजूचं झाकण काढलं, क्लच काढला, जुनं सील उचकटलं, नवीन बसवलं. सगळं सुरळीत झालं. शेवटी तेल भरलं, खालचा बोल्ट जरासा पाझरतोय असं वाटलं म्हणून आणखी आवळला, आणि भोकातले आटेच निघून हातात आले. बोल्टला चिकटलेला ॲल्युमिनियमचा चुरा तिने त्यांना दाखवला.

श्रीनिवासरावांना आता इज्जत सावरायची संधी दिसली. ते आदराने म्हणाले, की गुरुनाथरावच आता सांगतील काय करायचं, विमानांपुढे स्कूटर म्हणजे काहीच नाही.

"मी अकाउंट्स ब्रँचला आहे," गुरुनाथ म्हणाला. "विमानं मी लांबून बघतो. पगार मात्र वैमानिकांचेसुद्धा करतो."

मग निशिगंधा हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. गच्चीवरच्या चादरीमागेही कुणीतरी फिस्सकन हसलं.

पुढचा प्रश्न होता मुलामुलीने एकमेकांशी बोलण्याचा. रीतीप्रमाणे आतल्या खोलीत दार उघडं ठेवून पाच मिनिटं. निशिगंधाने शांतपणे सांगितलं, की पाच मिनिटांत कुणाला काय कळणार, त्यापेक्षा इंडस्ट्रियल एरियात लेथवाल्याकडे जाऊन येऊ, बोलणं होईल आणि बोल्टही होईल. सरलाबाईंनी कपाळाला हात लावला. श्रीनिवासराव आत्याकडे बघू लागले. आत्या पोह्यांची दुसरी बशी संपवत होती.

"जाऊ द्या न भाऊ," ती म्हणाली. "याची पँट तर गेलीच आहे."

अशा रीतीने सायकलवर पुढे गुडघ्यांपर्यंत काळा झालेला हवाईदलाचा अधिकारी आणि मागे कॅरिअरवर रेशमी साडीतली गणिताची बाई, मुठीत रुमालात बांधलेला बोल्ट, अशी वरात सेक्टर बावीसमधून निघाली. दुतर्फा झाडं, सरळसोट रस्ता, मागून वारा. गुरुनाथने आयुष्यात कुणाला कॅरिअरवर बसवलं नव्हतं. पहिल्याच चौकात सायकल डगमगली, तिने त्याच्या शर्टाची पाठ पकडली आणि चौक ओलांडल्यावरही सोडली नाही. त्याने पुढचे दोन चढ उभ्याने पायडल मारत कधी पार केले ते त्याला कळलंसुद्धा नाही.

लेथवाले करमसिंग पत्र्याच्या शेडमध्ये चहा पीत होते. त्यांनी बोल्ट बघितला, साडी बघितली, पँट बघितली.

"चूड़ी मर गई," ते म्हणाले. "अब मोटी चूड़ी डालनी पड़ेगी."

आपण ज्याला आटे म्हणतो त्याला तिकडे चूडी म्हणतात, हे गुरुनाथला ठाऊक होतं. तरी त्याचं लक्ष नको तिथे, निशिगंधाच्या मनगटातल्या सैल बांगड्यांकडे गेलं, आणि तिचंही नेमकं त्याच वेळी गेलं, आणि दोघांनी घाईघाईने लेथकडे बघायला सुरुवात केली.

करमसिंगांनी बेत समजावून दिला. जुनं भोक थोडं वाढवून त्यात मोठ्या मापाचे नवे आटे पाडायचे. त्याच मापाचा जाडसर बोल्ट ते आत्ता कातून देतील, आटे पाडायचा टॅपही देतील, पण संध्याकाळी परत हवा. लेथ फिरू लागलं. लोखंडाच्या चकचकीत कुरळ्या साली खाली पडू लागल्या. दोघं एका उपड्या पिंपावर बसली.

"आवाज का नाही दिलात?" तिने विचारलं. "मी तिथे आत कोंडलेली. दार वाजवत होते."

"काय म्हणून देऊ? आई म्हणत होत्या, मुलगा येईल एवढ्यात. मी म्हणणार, आलोय, खाली बघा?"

ती इतकी हसली की पिंप कलंडता कलंडता राहिलं. करमसिंगांनी लेथवरून मान वर करून पाहिलं. हसू ओसरल्यावर तिने डोळे पुसले, आणि नकळत गालावर तो काळा पट्टा पुन्हा ओढला गेला. गुरुनाथने तो तिला दाखवला नाही. त्याला तो पाहिजे होता.

"एक सांगू?" ती म्हणाली. "बोल्ट पाझरत नव्हता. आईने सकाळी सांगितलं की आज मुलगा येणार. मला आधी कुणी विचारलंसुद्धा नाही. मी तशीच बाहेर गेले आणि सगळ्यांत लांब पाना घेऊन तो आवळला. तुमच्यावरचा राग होता तो."

"मग आता?"

"आता आटेच नाहीत ना," ती म्हणाली, आणि पुन्हा हसू लागली.

परत आल्यावर त्यांनी स्कूटर एका कुशीवर, जुन्या गादीवर आडवी केली. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे निघणारा चुरा त्याला चिकटतो. टॅप तिरका शिरला तर सगळं फुकट जाणार होतं, म्हणून एका बाजूने निशिगंधा आणि दुसऱ्या बाजूने गुरुनाथ असा त्याचा दांडा दोघांनी धरला. अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. पुन्हा अर्धा पुढे. तिचा श्वास थांबला की त्याचाही थांबायचा. सरलाबाई आणि आत्या एव्हाना खुर्च्या ओढून मेतकुटाच्या प्रमाणावर वाद घालत होत्या. टॅप सरळ शिरला आणि सरळ बाहेर आला. आत नवे आटे ताज्या साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारखे स्वच्छ दिसले. चुरा पुसून काढला, जाड बोल्ट तांब्याच्या वॉशरसह हाताने फिरवला तसा तो मऊपणे आत गेला. शेवटी लहान पान्याने हलकेच आवळला. लांब पाना श्रीनिवासरावांनी आधीच उचलून आत नेऊन ठेवला होता.

परातीतलं तेल फडक्यातून गाळून पुन्हा भरलं. तिसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. थोडा जुना धूर निघाला, विरळ झाला, आणि मग मागून नुसती स्वच्छ हवा. खाली एक थेंबसुद्धा नाही. श्रीनिवासरावांनी टाळी वाजवली आणि लगेच कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं.

टॅप परत द्यायला मात्र कुणाची परवानगी विचारायची गरज पडली नाही. निशिगंधाने पदर खोचला, गुरुनाथ मागे बसला, आणि फाटकातून ती दोघं बाहेर पडली. करमसिंगांकडे टॅप पोचवून परतताना एका रिकाम्या चौकाशी तिने स्कूटर थांबवली आणि विचारलं, की चालवून बघणार का? त्याने आजवर सायकलखेरीज काही चालवलं नव्हतं. हो म्हणाला.

तिने क्लच दाखवला, पहिला गिअर दाखवला. ब्रेक दाखवायच्या आतच तो निघाला. स्कूटर उधळल्यासारखी चौकात शिरली आणि गोल फिरू लागली. मधल्या हिरवळीच्या वर्तुळात, लाल फुलांच्या वाफ्यांपाशी, रेशमी साडी दोन्ही हातांनी उचलून निशिगंधा त्याच्याबरोबर गोल पळत होती आणि सूचना देत होती. इंजिनाच्या आवाजात त्याला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पण वारा तोंडावर येत होता, झाडं फिरत होती, आकाश फिरत होतं, आणि त्याला आता थांबायचंही नव्हतं. आत्याने सांगितलेलं तो साफ विसरला. तिच्यासमोरून जाताना तो पूर्ण ताकदीने ओरडला, "तुमचं काय ठरलं?"

एक सायकलवरचा दूधवाला चौकात शिरणार होता, तो कडेला उतरून उभा राहिला.

पुढच्या फेरीला ती ओरडली, "हो!"

"हो म्हणजे?"

फेरी पुन्हा पूर्ण व्हायला लागते तेवढा वेळ दोघांनाही वाट बघावी लागली. तो समोर आला तेव्हा ती धापा टाकत, उजवा पाय हवेत आपटून दाखवत म्हणाली, "आधी ब्रेक! मग हो!"

त्याने पाय आपटला. स्कूटर गचका खाऊन बंद पडली आणि तो हँडलवर पोट आदळून अर्धा फुलांच्या वाफ्यात उतरला. एकदम सगळीकडे शांत झालं. दूधवाल्याने ओरडून विचारलं, सब ठीक है जी?

"सब ठीक है," ती म्हणाली, आणि स्कूटर धरायला पुढे आली.

घरी पोचायला त्यांना फार उशीर झाला, कारण वाटेतल्या प्रत्येक चौकाला त्यांनी दोन-दोन फेऱ्या मारल्या. या वेळी चालवत ती होती.